पट्टी सुटण्याआधीचं प्रेम

प्रश्न असा आहे: "माझं वय 27. ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलंय तो जन्मापासून दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करतो. घरून विरोध आहे. आई प्रत्येक वेळी कुठल्या तरी सिनेमाचं उदाहरण देते आणि मी तिला दुसऱ्या सिनेमाचं उदाहरण देऊन गप्प करते. आपल्याकडच्या चित्रपटांत दृष्टिहीनांचं प्रेम दाखवतात त्यातलं खरं किती? आम्ही दोघांनी मिळून बघावा असा एखादा चित्रपट सांगाल का?"

मी 22 वर्षं दृष्टिहीन प्रौढांना पांढरी काठी घेऊन चालायला, रस्ता ओलांडायला, एकट्यानं घर चालवायला शिकवते आहे. जोडप्यांशी लग्नाआधी आणि लग्नानंतर बोलणं हा त्या कामाचाच भाग होऊन गेला. गेली काही वर्षं चित्रपटांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शनही लिहिते, म्हणजे संवाद नसतात तेव्हा पडद्यावर काय चाललंय ते न दिसणाऱ्या प्रेक्षकाला सांगणारं निवेदन. हे लिहिताना एकेक प्रसंग दहा-दहा वेळा मागे नेऊन बघावा लागतो. कुणाचा हात कुणी धरला, आधी कोण बोललं, कुणाला काय माहीत होतं, हे सगळं नोंदवावं लागतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या नोंदींतूनच द्यायचं आहे.

आपल्या पडद्यावर दृष्टिहीन माणसावर प्रेम केलं जातं, भरभरून केलं जातं. तो स्वतः प्रेम करतो, म्हणजे माणूस पारखतो, निवडतो, नाकारतो, चुकतो, हे मात्र फार थोड्या चित्रपटांत दिसतं. तुमच्या आईची उदाहरणं आणि तुमची उदाहरणं बहुतेक एकाच खाणीतली असणार. एका बाजूला दया, दुसऱ्या बाजूला त्याग. दोन्हींत त्या मुलाला काय वाटतं हे कुणीच विचारलेलं नसतं.

याची मुळं सिनेमाच्या फार आधीची आहेत. गांधारीनं डोळ्यांना पट्टी बांधली आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याला पातिव्रत्य म्हणत आलो. धृतराष्ट्राला अशी बायको हवी होती का, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक डोळस मुली मनात हीच गांधारी घेऊन येतात. फक्त पट्टीच्या जागी वाक्य असतं, "मी त्याचे डोळे होईन." मी त्या वाक्याशीच त्यांना थांबवते. तुमचा होणारा नवरा बँकेत स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज, ऐकत काम करतो, काठी घेऊन ये-जा करतो, त्याचा फोन त्याच्याशी बोलतो. डोळ्यांची जागा त्यानं स्वतः भरून काढलेली आहे. तुम्ही ती घ्यायला गेलात तर बायकोची जागा रिकामी राहील.

आता चित्रपटांकडे येते. नितीन बोस या दिग्दर्शकाचे तीन वर्षांच्या अंतरानं आलेले दोन चित्रपट मला फार बोलके वाटतात. पहिला 1948चा बंगाली 'दृष्टिदान', रवींद्रनाथांच्या 1898च्या कथेवरचा. डॉक्टरी शिकणारा नवरा हट्टानं स्वतःच बायकोच्या डोळ्यांवर उपचार करतो, तिची दृष्टी जाते आणि पुढे तोच दुसऱ्या लग्नाच्या वाटेला लागतो. मूळ कथा ती बायको स्वतः सांगते, 'मी' म्हणून. सव्वाशे वर्षांपूर्वी एका न दिसणाऱ्या बाईच्या तोंडून तिच्याच संसाराची गोष्ट! दुसरा 1951चा हिंदी 'दीदार'. दिलीपकुमारचा शामू दृष्टिहीन गायक, अशोककुमारचा डॉक्टर शस्त्रक्रिया करून त्याला दृष्टी देतो, आणि दृष्टी आल्यावर शामूला कळतं की आपली बालपणीची माला याच डॉक्टरची होणार आहे. तो स्वतःचे डोळे पुन्हा घालवतो. लहानपणी दूरदर्शनवर हा चित्रपट बघून मी हुंदके देऊन रडले होते. आज बघते तेव्हा त्यातला हिशेब दिसतो: एक तर डोळे आणि प्रेम दोन्ही, नाही तर दोन्ही नाही. डोळे नसताना प्रेम मिळणं, टिकणं, त्याचा संसार होणं ही तिसरी शक्यता कथेच्या मनातही येत नाही. आणि हिंदी सिनेमानं पुढची कित्येक वर्षं वाट धरली ती 'दीदार'ची. 'मी' म्हणून बोलणारी ती बाई मागेच राहिली.

त्या वाटेवरचा सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग म्हणजे डोळ्यांची पट्टी सुटण्याचा. डॉक्टर एकेक वेढा काढतात, घरातले श्वास रोखून उभे असतात, आधी धूसर, मग स्वच्छ दिसतं आणि समोर प्रियकराचा चेहरा! शक्ती सामंतांच्या 'अनुराग'मध्ये (1972) मौशुमी चॅटर्जीची दृष्टिहीन नायिका हातांनी मूर्ती घडवते, विनोद मेहरा तिच्यावर प्रेम करतो, त्याच्या वडिलांना आंधळी सून नको असते, आणि कर्करोगानं गेलेल्या एका लहान मुलाच्या नेत्रदानातून तिला दृष्टी मिळते. नेत्रदानाचा विषय त्या चित्रपटानं घराघरांत नेला, याबद्दल मला खरोखर आदर आहे. पण लग्नाची अडचण सुटते ती सासऱ्यांचं मन बदलून नव्हे, मुलीचे डोळे बदलून. तिच्यात जे 'कमी' होतं ते भरून काढलं, मग ती घरात आली.

यातलं वैद्यकीय सत्य तुमच्या घरच्यांना सांगायला उपयोगी पडेल म्हणून जरा थांबते. नेत्रदानातून प्रत्यारोपण होतं ते डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचं, म्हणजे कॉर्नियाचं. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत तो काढावा लागतो, आणि ज्याचं अंधत्व कॉर्नियामुळे आलंय त्यालाच त्याचा उपयोग होतो. दोष दृष्टिपटलात किंवा मेंदूकडे जाणाऱ्या नसेत असेल तर कुणाचेही डोळे कामी येत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जन्मापासून न दिसणाऱ्याला उशिरा दृष्टी मिळाली तरी पट्टी सुटल्या क्षणी त्याला 'चेहरा' दिसत नाही. एमआयटीतले प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये आपल्याकडच्याच जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असं आढळलं की हातानं चाचपून ओळखलेली वस्तू ही मुलं शस्त्रक्रियेनंतर लगेच नुसत्या नजरेनं ओळखू शकत नव्हती. काही दिवसांनी जमू लागलं. बघणं शिकावं लागतं. नव्यानं दिसू लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात आनंदाइतकीच भीती, डोकेदुखी आणि गोंधळ असतो. हे दाखवायचं धाडस मला आनंद गांधींच्या 'शिप ऑफ थीसियस'मध्ये दिसलं. त्यातली आलिया दृष्टिहीन छायाचित्रकार आहे, आवाजाच्या आणि स्पर्शाच्या आधारानं फोटो काढते. कॉर्निया बदलल्यावर तिला दिसू लागतं, आणि तिची कलाच तिच्या हातून निसटू लागते. तिचा जोडीदार आधीही तिच्यासोबत असतो, नंतरही. त्यांचं भांडण फोटोवरून होतं, डोळ्यांवरून नाही. मला तो संसार ओळखीचा वाटला.

पट्टीच्या त्या प्रसंगानं खऱ्या घरांत काय केलं ते मी बघितलंय. चौतिशीचा एक मुलगा माझ्याकडे चालायला शिकायला आला. दृष्टिपटलाचा आजार, बरा न होणारा. त्याची आई दहा वर्षं स्थळं परत पाठवत होती, "इलाज चालू आहे, डोळे आले की बघू." त्याला एक मुलगी आवडत होती, तिलाही तो आवडत होता. तिचं लग्न दुसरीकडे झालं. आईचं चूक होतं असं मी म्हणू शकत नाही. तिनं आयुष्यभर पडद्यावर हेच बघितलं होतं की आधी पट्टी सुटते आणि मग वरात निघते.

मात्र सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट शस्त्रक्रियेची नाही. ती आहे लपवालपवीची.

गुलजार यांचा 'किनारा' (1977) मला जिवापाड आवडतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. हेमा मालिनीच्या नर्तिकेचा प्रियकर ज्या माणसाच्या हातून अपघातानं जातो, आणि तिची दृष्टीही ज्याच्यामुळे जाते, तोच माणूस स्वतःची ओळख लपवून तिच्या आयुष्यात येतो, तिला पुन्हा नाचायला उभी करतो. 1999च्या 'तुल्लाद मनमुम तुल्लुम' या तमिळ चित्रपटात नायिकेची दृष्टी नायकामुळेच जाते आणि ती ज्याचा तिरस्कार करते तो हाच, हे तिला ठाऊक नसतं. 2010च्या 'लफंगे परिंदे'मध्ये नायकाच्या गाडीनं उडवल्यामुळे दीपिका पदुकोणच्या नायिकेला अंधत्व येतं, आणि तोच तिला कानांच्या भरवशावर स्केटिंग शिकवतो, सत्य न सांगता. दिग्दर्शक वेगळे, भाषा वेगळ्या, काळ वेगळे, आणि सांगाडा एकच. गुन्हेगार कोण ते नायकाला माहीत आहे, प्रेक्षकाला माहीत आहे, आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न आहे तिलाच तेवढं माहीत नाही. तिच्या होकाराला मग अर्थ काय उरतो? पश्चात्ताप त्याचा, प्रायश्चित्त त्याचं, गोष्ट त्याची. ती त्याच्या सुधारण्याची जागा.

पडद्यावर हे हळवं वाटतं. घरात हेच घडतं तेव्हा ते कसं दिसतं ते सांगते. नवरा बायकोला आलेला मेसेज वाचून दाखवतो, मधली एक ओळ गाळून. सासू सह्या घेते, कागद कशाचा ते नीट न सांगता. डॉक्टर रिपोर्ट डोळस जोडीदाराच्या हातात देतात आणि तो म्हणतो, "काही नाही, नेहमीचंच आहे." हेतू चांगला असतो, बहुतेक वेळा. पण ज्याच्यापर्यंत माहिती पोचायला दुसऱ्याची मर्जी लागते, तो जोडीदार राहत नाही, पाल्य होतो. म्हणून मी प्रत्येक जोडप्याशी पैसा, फोन आणि दवाखान्याचे कागद या तीन गोष्टींवर आधी बोलते. तिन्ही ठिकाणी न दिसणाऱ्या जोडीदाराला तुमच्या मदतीशिवाय पोचता आलं पाहिजे. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2008 सालीच बँकांना बजावलेलं आहे. हे तुमच्या त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. कायदा बँकेला लागू होतो, स्वयंपाकघराला होत नाही. तिथला नियम तुम्हा दोघांना करावा लागेल.

आणि या लपवालपवीमागे एक समज दडलेला आहे, की न दिसणाऱ्याला फसवणं सोपं असतं. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण आपण किती सहज वापरतो! प्रत्यक्षात माणसं आवाजावरून, पावलांवरून, अत्तर-साबण-घामाच्या वासावरून, दार लावायच्या पद्धतीवरून ओळखली जातात. माझी एक विद्यार्थिनी जिन्यातल्या पावलांवरून सांगते की नवरा आज दमून आलाय की चिडून. म्हणूनच 'फना'मधला (2006) एक प्रसंग मला कधीच पटला नाही. काजोलची झूनी रेहानवर प्रेम करते ती दृष्टी नसताना. त्याचा आवाज, त्याचा शेरोशायरीचा ढंग, त्याचा स्पर्श हीच तिची त्याच्याबद्दलची सगळी ओळख. शस्त्रक्रियेनंतर तिला दिसू लागतं. काही वर्षांनी तो जखमी होऊन तिच्याच दारात येतो, आणि ती त्याला ओळखत नाही! चेहरा कधी पाहिलेला नाही, मान्य. पण आवाज? जणू डोळे आले तसे कान गेले, आणि दृष्टी नसतानाचं प्रेम कच्चं खर्डं होतं, नवीन वहीत उतरवायचं राहून गेलेलं. असं असलं तरी पूर्वार्धातल्या झूनीला मी श्रेय देईन. ती मैत्रिणींबरोबर घराबाहेर पडते, मुलाला जोखते, आईवडिलांना दिलेला शब्द आठवूनही स्वतःचा निर्णय स्वतः घेते. निर्णय चुकतो. चुकू शकणारी दृष्टिहीन नायिका आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून मला ती हवीशी वाटते.

हातांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण माझं रोजचं काम हातांचंच आहे. सिनेमातला नायक दृष्टिहीन नायिकेला मनगट धरून ओढतो, किंवा मागून दोन्ही खांदे धरून पुढे ढकलत नेतो. तुम्ही असं कधीही करू नका. खांदे धरून पुढे लोटलं की समोर खड्डा आला तर आधी पाय त्याचा पडतो. योग्य पद्धत उलटी आहे: त्यानं तुमचं कोपर मागून हलकेच धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. तुमचं शरीर वळलं की त्याला वळण कळतं, तुम्ही पायरी उतरलात की उतार कळतो. महत्त्वाचं म्हणजे हात त्यानं धरलेला असतो, हवा तेव्हा सोडू शकतो. या एका फरकात मला सगळं नातं दिसतं. लग्न ठरलेल्या जोडप्यांना मी पहिल्याच दिवशी अर्धा तास नुसतं असं चालायला लावते. डोळस मुलींना हे अवघड जातं, कारण वाटतं की आपण काहीच करत नाही.

तसाच तो चेहरा चाचपायचा प्रसंग. बोटं कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठांवर, पार्श्वभूमीला बासरी. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं ओळख करून घ्यायला कुणाचा चेहरा चाचपलेला मी बघितला नाही. प्रेमात, एकांतात दोन माणसं एकमेकांचा चेहरा हातांनी बघत असतील, तर ते डोळसही करतात. आणि ते शून्यात लागलेले, न हलणारे डोळे! बहुतेक दृष्टिहीन माणसं बोलणाऱ्याच्या आवाजाकडे तोंड वळवतात. अनेकांना थोडंफार दिसतंही. 2016च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अंधत्वाची एक कसोटी 3/60 पेक्षा कमी दृष्टी अशी आहे, म्हणजे इतरांना 60 मीटरवरून दिसणारं ज्याला तीन मीटरवरूनही दिसत नाही तो. त्याला उजेड कळू शकतो, समोरून कुणी गेल्याची सावली कळू शकते. सिनेमाला मात्र ठार अंधार किंवा लख्ख उजेड एवढंच चालतं, आणि मग फोनवर बोटं फिरवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना लोक विचारतात, "खरंच दिसत नाही का?" 2018चा 'अंधाधुन', आंधळेपणाचं सोंग घेतलेल्या पियानोवादकाचा, चित्रपट म्हणून बांधेसूद आहे. पण तो आल्यानंतर हा प्रश्न वाढला, असं माझे तीन-चार विद्यार्थी वेगवेगळ्या वेळी येऊन म्हणाले.

आता ज्या चित्रपटासाठी मी हे उत्तर लिहायला बसले तो: सई परांजपे यांचा 'स्पर्श' (1980).

अनिरुद्ध परमार (नसीरुद्दीन शाह) अंधशाळेचा मुख्याध्यापक. कविता (शबाना आझमी) तरुण विधवा. वाटेनं जाताना त्याच्या कानावर गाणं पडतं आणि तो त्या दारापाशी थांबतो. पुढे एका मेजवानीत तिच्या आवाजावरून तिला ओळखतो. बघा, निवड त्याची आहे, त्याच्या इंद्रियांनी केलेली आहे, आणि कॅमेरा त्या निवडीवर शंका घेत नाही. दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत हे चित्रण झालं. अनिरुद्धची व्यक्तिरेखा तिथल्याच मुख्याध्यापकांवरून घेतली होती, आणि शाळेतली मुलं पडद्यावर आहेत ती खरी शाळेतली. त्यामुळे तिथल्या मुलांच्या हालचालींत अभिनय नाही. कॉरिडॉरमधून ती पळतात तशीच मुलं पळतात.

या चित्रपटात शस्त्रक्रिया नाही, खलनायक नाही, विरोध करणारे आईबाप नाहीत. अडथळा दोघांच्या आत आहे. अनिरुद्धला दया सहन होत नाही. कविता त्याच्याकडे आलेली असताना कॉफीच्या वेळी मदतीला सरसावते आणि तो तिच्यावर उखडतो. पहिल्यांदा बघताना प्रेक्षक कविताच्या बाजूनं असतो: बिचारी प्रेमानं करत होती! दुसऱ्यांदा बघताना कळतं की त्याच्या घरात, त्याच्या पाहुणीसाठी, त्याचं यजमानपण काढून घेतलं गेलंय. तिसऱ्यांदा बघताना तोही चुकतोय हे दिसतं, कारण प्रत्येक मदत अपमान नसते. मग त्याच्या दृष्टिहीन मित्राची, दुबेची (ओम पुरी), बायको जाते आणि दुबे सांगतो की आपला संसार सुखाचा नव्हता. अनिरुद्ध हादरतो. कविता आपल्याशी लग्न करतेय ते प्रेमानं की व्रत म्हणून? विधवेनं स्वतःला लावून घेतलेलं पुण्यकर्म तर नाही हे? तो साखरपुडा मोडतो. हा संशय इतका खरा आहे की मी तो माझ्या खोलीत अक्षरशः याच क्रमानं ऐकलाय. फरक एवढाच की बहुतेक मुलगे तो मोठ्यानं बोलत नाहीत. ते अचानक फोन घेणं बंद करतात, आणि मुलीला वाटतं की याचं दुसरीकडे जमलं.

म्हणून तुम्हाला एक विचारते. तुमच्या घरच्यांशी भांडताना तुम्ही त्याच्याबद्दल काय बोलता, ते त्याच्या कानावर जातं का? "त्याला दिसत नाही म्हणून काय झालं, मी आहे ना!" हे वाक्य तुमच्या आईला निरुत्तर करेल. त्याच्यापर्यंत पोचलं तर तो अनिरुद्धच्या जागी जाऊन बसेल. त्याऐवजी तुम्हाला तो का आवडला ते सांगा: त्याचं बोलणं, त्याचा कामातला नेटकेपणा, जे काही असेल ते.

'स्पर्श'च्या आसपासच, 1981 साली, तमिळमध्ये सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 'राजा पारवै' आला. कमल हासनचा शंभरावा चित्रपट. दृष्टिहीन व्हायोलिनवादक रघू, त्याच्यावर प्रेम करणारी नॅन्सी, तिच्या घरचा विरोध, आणि शेवटी तिच्या आजोबांच्या मदतीनं चर्चमधून, भर लग्नातून पळून जाणारं जोडपं. तो शेवटपर्यंत दृष्टिहीनच राहतो, आणि चित्रपटाला त्यात काही अपुरं वाटत नाही. आजोबांची ती भूमिका ज्येष्ठ निर्माते-दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद यांनी केली होती. तुमच्या घरात असे कुणी आजोबा, काका, मावशी असतील तर त्यांना गाठा. विरोध करणारे सगळे एकाच सुरात नसतात.

दोघंही दृष्टिहीन असलेली जोडपी पडद्यावर फारच कमी. राजू मुरुगन यांचा 'कुक्कू' (2014) हा त्यातला मला जवळचा वाटणारा: गरीब, हट्टी, लोकलमध्ये भांडत-चिडवत प्रेमात पडणारी दोन माणसं. 'काबिल'चा (2017) पहिला तास मला आशा देऊन गेला होता. हृतिक रोशनचा नायक डबिंग कलाकार, यामी गौतमची नायिका नोकरी करणारी, दोघं स्वतःचं घर मांडतात. पुढे तिच्यावर अत्याचार होतो, ती जीव देते, आणि उरलेला चित्रपट त्याच्या सूडाचा. तिचं दुःख तिच्या तोंडून ऐकायच्या आधीच ती संपते. त्याबद्दल मला अजूनही राग आहे.

दृष्टिहीन स्त्रीबद्दल पडदा आणि समाज एकाच वेळी कसे वागतात बघा. पडद्यावर न दिसणारी नायिका जास्त, डोळस नायक तिला सांभाळणारा. प्रत्यक्षात माझ्याकडे येणाऱ्या दृष्टिहीन मुलग्यांची घरं डोळस सून शोधतात, आणि दृष्टिहीन मुलींना सांगतात, "तुला कशाला हवंय लग्न?" तिच्या इच्छेचा उच्चारही होत नाही. शोनाली बोस यांच्या 'मार्गरीटा विथ अ स्ट्रॉ'मधली खानुम (सयानी गुप्ता) म्हणून मोलाची आहे: दृष्टिहीन, ठाम, स्वतःच्या देहाबद्दल आणि दुसऱ्या स्त्रीवरच्या प्रेमाबद्दल कसलाही संकोच नसलेली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या लैलाला तीच धीट करते.

मराठीत मला आठवतो तो 'श्वास' (2004). प्रेमकथा नाही ती, पण आपल्याकडच्या डोळ्यांच्या सगळ्या शस्त्रक्रियांत ही एकच उलटी आहे. परशा या मुलाचा जीव वाचवायला त्याची दृष्टी घ्यावी लागते, आणि डॉक्टर आग्रह धरतात की हे त्या लहानग्याला आधी सांगितलं पाहिजे. एवढ्याशा मुलाला सांगायचं, ही कसोटी. तिथे 'किनारा'तल्या मोठ्या बाईला मात्र अंधारात ठेवलेलं चालतं! तो परशा मोठा झाला असेल, कुणाच्या तरी प्रेमात पडला असेल. मराठीतला तो चित्रपट मला बघायचा आहे.

अलीकडे हवा थोडी बदलते आहे. उद्योजक श्रीकांत बोल्ला यांच्यावरच्या 'श्रीकांत'मध्ये (2024) त्यांचं प्रेम हे त्यांच्या कामाच्या आणि चुकांच्या शेजारी, साध्या जागी बसवलेलं आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटांतल्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: हिणवणारे शब्द टाळा, ज्यांच्याबद्दल चित्रपट आहे त्यांना सोबत घ्या. सिनेमागृहांत ऑडिओ डिस्क्रिप्शनची सोय हवी, अशी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही 2024 मधलीच. ज्यांच्या प्रेमाच्या कथा सत्तर वर्षं पडद्यावर आल्या, त्यांना त्या नीट कळाव्यात याची सोय आत्ता कुठे होते आहे.

तर आईला काय सांगायचं? चित्रपटाचं उदाहरण देऊच नका. त्याला घरी जेवायला बोलवा आणि आईला त्याच्याशी तासभर बोलू द्या. ताटात काय कुठे वाढलंय ते तिनं एकदा सांगितलं की पुढचं तो बघेल. आणि तुम्ही मध्ये बोलू नका.

बघायचा चित्रपट म्हणाल तर 'स्पर्श'. सुरू करण्याआधी त्याला विचारा की न बोललेल्या जागा सांगितलेल्या आवडतील का, आणि किती. काही जणांना पडद्यावरचा प्रत्येक तपशील हवा असतो, काहींना फक्त कोण आत आलं, कोण गेलं एवढं पुरतं. संवादावर बोलू नका, दोन वाक्यांच्या मधल्या फटीत बोला. चेहऱ्यावरचा भाव सांगताना 'ती दुःखी झाली' म्हणू नका, 'तिनं मान खाली घातली' म्हणा. दुःख आहे की राग, ते त्याचं त्याला ठरवू द्या. आणि कॉफीचा प्रसंग आला की काहीच सांगू नका, तो प्रसंग त्याला कानांनी पुरता कळेल. संपल्यावर आधी त्याला बोलू द्या.